कॅनोपीतली वाफ

५ जुलै २०२५, शनिवार

नाही म्हणायला गेलो होतो, हो म्हणून आलो! निवेदिता म्हणाली, तुझं नेहमीचंच.

लोकमान्यनगरच्या सुलोचनाबाई रिसबूड. वय चौऱ्याहत्तर. गेल्या वर्षी मंडळाच्या गणपतीत निवेदितानं मी बनवलेली चार छोटी विमानं हौसेनं मांडली होती, ती त्यांनी पाहिली. तेव्हापासून निरोपावर निरोप. त्यांचे यजमान हवाई दलात होते. सप्टेंबर १९७३. आसामकडच्या एका तळावरून सरावासाठी हंटर हे लढाऊ विमान घेऊन उडाले, ढगात शिरले आणि संपलं. विमान सापडलं नाही, माणूस सापडला नाही. लग्नाला सोळा महिने झाले होते. बाईंच्या गळ्यात अजून मंगळसूत्र आहे, कपाळाला ठसठशीत कुंकू.

'मी दुसऱ्यांसाठी बनवत नाही' हे वाक्य पाठ करून गेलो होतो. त्यांनी आधी पोहे पुढे केले, मग फोटो. हंटरच्या शिडीवर एक पाय, हेल्मेट काखेत, गुळगुळीत दाढी, डाव्या भुवईत एक खाच. फ्लाइट लेफ्टनंट सुधाकर रिसबूड. हसताहेत.

"ह्यांना आत बसवायचं. तो मास्क वगैरे बाजूला लटकू द्या, चेहरा दिसला पाहिजे. मला एकदा बघायचे आहेत."

फाटकापर्यंत सोडायला पुतण्या आला, संजीव. माझ्याच वयाचा. हळूच म्हणाला, "भिया, काकूंनी बावन्न साल विधीचं नाव घेऊ दिलं नाही. म्हणायच्या, ते येणार आहेत. आता हार्टचा प्रॉब्लेम निघाला, तर स्वतःच बोलल्या, मी गेल्यावर ह्यांचं कोण करणार? पितृपक्षात करून टाका. पण शर्त एकच. पहले विमान."

आता असल्या बाईला नाही कसं म्हणायचं?

६ जुलै, रविवार

कपाटात हंटरचे दोन खोके आहेत, एकास अठ्ठेचाळीस मापाचे. आम्ही मॉडेलवाले लोक किट नेहमी दोन घेतो. एक बनवायला, एक ठेवायला. निवेदिता ह्याला आजार म्हणते.

आजारच असेल. आठवडाभर पीथमपूरच्या कारखान्यात, पेंट शॉपमध्ये, लोकांनी रंगवलेल्या पार्टवर डाग शोधायचे आणि माल परत पाठवायचा. रविवारी घरी बसून स्वच्छ रंगवलेल्या विमानावर हातानं डाग पाडायचे. दोन्ही कामं एकाच माणसाची!

पण ह्या नोकरीनं एक गोष्ट शिकवली. ओला रंग ओघळला की ओघळ वाळून बसतो, आणि तो खोटं बोलत नाही. ओघळ बघून मी सांगतो की पार्ट कुठल्या हुकला, कसा टांगला होता. वीस वर्षांत एकदाही चुकलो नाही. विमानाचंही तसंच. उडणाऱ्या विमानाचं तेल वाऱ्यानं शेपटाकडे पसरतं. उभ्या विमानाचं सरळ खाली ओघळतं. कित्येक नावाजलेले मॉडेलवाले ह्यात गाढवपणा करतात. मी करत नाही.

१३ जुलै, रविवार

सुधाकरराव झाले. बसलेला माणूस, अंगठ्याच्या पेराएवढा. डोकं तुरीच्या दाण्याएवढं. तीन केसांचा ब्रश, डोळ्याला भिंग, श्वास रोखून भुवईतली खाच काढली. मास्क तासून काढला आणि वेगळा करून हनुवटीशी लटकावला. फोटो समोर ठेवून चार सकाळी घालवल्या. माझं मॉडेलिंग म्हणजे पहाटे पाच ते साडेसहा. सव्वासातला कंपनीची बस.

स्वतःचं कौतुक करू नये, पण आजवरचा सगळ्यात चांगला चेहरा. भिंगातून बघितलं की तो आत्ता काहीतरी बोलेल असं वाटतं.

२० जुलै, रविवार

विमान रंगवून झालं. हिरवा, करडा, पोट चंदेरी. आता मळवायचं. तर बाईंचा फोन, कोणी सांगितलं होतं कोण जाणे! "हृषीकेशजी, डागबिग काही लावू नका हं. त्या दिवशी धुतलं होतं. ह्यांनीच पत्रात लिहिलं होतं, उद्या गाडी धुऊन घेणार आहे. गाडी म्हणायचे."

मी हो हो म्हटलं. पण धुतलेलं विमान म्हणजे खेळणं. मळाशिवाय त्याला वजन येत नाही. तोफांच्या तोंडाशी थोडी काजळी, पोटाखाली तेलाची एक रेघ, चढण्याच्या जागी घासलेला रंग, एवढं तर करणारच. डिसेंबरात पुण्यात प्रदर्शन आहे. बाईंना विचारून ठेवलंय. त्या म्हणाल्या, मी एकदा बघितलं की विमान तुमचंच, मी कुठे ठेवू?

२७ जुलै, रविवार

कॅनोपी बसवली. वैमानिकाच्या डोक्यावरची काच. इथे घाई केली की सत्यानाश. झटपट चिकटणाऱ्या गोंदाचा धूर काचेला आतून पांढरं करून टाकतो आणि मग काही उपाय नाही. म्हणून मी पांढरा, पाण्याचा गोंदच वापरतो. चोवीस तास हात लावला नाही. काच लख्ख. आत सुधाकरराव समोर बघताहेत.

सांध्यावर रंगाचा पातळ हात मारला. आता ती कॅनोपी फोडल्याशिवाय निघणार नाही.

३ ऑगस्ट, रविवार

हे मी केलेलं नाही.

उजव्या पंखाच्या मुळाशी एक झाकण आहे. तिथून एक तांबूस ओघळ नाकाच्या दिशेनं गेलाय. नाकाच्या! कुठलाही ओघळ तिकडे जात नाही. झोपेत केलं की काय? थिनरनं पुसलं. गेलं.

५ ऑगस्ट, मंगळवार

परत आलाय. त्याच जागी. शिवाय अजून तीन.

१० ऑगस्ट, रविवार

आर्याला विचारलं. दहावीतली मुलगी, तिला भंवरकुआंच्या क्लासमधून मान वर करायला वेळ नाही. "बाबा, मी तुझ्या त्या टेबलाला हात लावायला वेडी आहे का?" निवेदिता तर त्या खोलीत पायच ठेवत नाही. थिनरच्या वासानं तिचं डोकं दुखतं.

मग मी आपलं नेहमीचं काम केलं. कारखान्यात करतो तेच. सगळे ओघळ कागदावर काढले, कोन मापले. आठच्या आठ ओघळ एकमेकांना समांतर. याचा अर्थ एकच. विमान नाकावर आहे. साधारण चाळीस अंश खाली, डाव्या पंखावर कललेलं, आणि बराच काळ हललेलं नाही. डाव्या बाजूला पोटाखाली हिरवट बुरा आलाय. मी इतका सुंदर हिरवा कधी मिसळलेला नाही. हा शेवाळाचा हिरवा आहे.

माझ्या शेल्फवर विमान तर तीन चाकांवर सपाट उभं आहे.

१५ ऑगस्ट, शुक्रवार

सुट्टी. विमान घेऊन लोकमान्यनगरला गेलो. सगळे ओघळ आधी साफ केले होते. बाईंना काही सांगायचं नाही असं ठरवून गेलो.

त्यांनी हात धुतले, पदराला पुसले, मग विमान घेतलं. चष्मा कपाळावर सरकवून काचेत बघत राहिल्या. किती वेळ, कोण जाणे. संजीव दारात उभा होता. मला वाटलं रडतील. त्या म्हणाल्या, "दाढी नीट केलेली आहे. त्या दिवशी पण केली असेल." मग काचेवर बोट फिरवलं, आणि मला विचारलं, "आतून बंद आहे ना? हवा?"

मी म्हटलं, एवढ्याशाला कसली हवा.

मग विमान टेबलावर ठेवलं. ठेवलं म्हणजे — नाक खाली, डावा पंख बिस्किटांच्या डब्याला टेकवून. मी सरळ करायला हात पुढे केला तर त्यांनी माझा हात धरला. "राहू द्या. असंच आहे ते. खूप वर्षांपासून मला असंच दिसून राहिलं आहे."

मोबाइलमध्ये कोन मापायचं ॲप आहे. काढायची हिंमत झाली नाही. कशाला काढायचं? माझ्या डोळ्याला चाळीस अंश कळतात.

१६ ऑगस्ट, शनिवार

काल विमान घरी आणून शेल्फवर ठेवलं. सकाळी ओघळ परत. आता पुसत नाही. पुसून उपयोग नाही, आणि खरं म्हणजे ते फार सुंदर आहेत.

२४ ऑगस्ट, रविवार

कॅनोपीला आतून वाफ.

पावसाळा आहे, दमट हवा आहे, गोंदातलं पाणी असेल. सगळं बरोबर. पण वाफ सगळ्या काचेवर नाही. चेहऱ्यासमोर, तांदळाच्या दाण्याएवढी. सहा वाजता असते, संध्याकाळी घरी येईपर्यंत जाते. सकाळी पुन्हा.

३१ ऑगस्ट, रविवार

आज भिंग लावून बसलो. नुसता बसलो, ब्रश हातात नाही. वाफ येते आणि विरते. येते आणि विरते. घड्याळ लावलं. चार सेकंदांत एक फेरा, कधी पाच.

आधी वाटलं, माझाच श्वास भिंगावर लागतोय. म्हणून श्वास रोखला. पन्नासपर्यंत मोजलं. वाफ चालूच.

निवेदिताला बोलावलं. ती नाकाला पदर लावून आली, बघितलं, म्हणाली, "काच घाण दिसते आहे, पुसून घे ना." तिला बाहेरची वाटली. पोहे थंड होताहेत म्हणून निघून गेली. मी अर्धा तास तिथेच. पोहे थंडच खाल्ले.

मी घाबरलोय. लिहून टाकलं की बरं वाटतं म्हणतात, काही बरं वाटत नाही.

७ सप्टेंबर, रविवार

बाईंचा फोन. आवाज हलका, लग्न ठरल्यासारखा. वीस तारखेला घातचतुर्दशी, अपघातात गेलेल्यांची तिथी. खलघाटला नर्मदेवर करायचं. गुरुजी ठरले, श्रीपादशास्त्री. माणूस सापडलेला नसला की पळसाच्या पानांच्या तीनशे साठ देठांचा पुतळा करतात, त्याला अग्नी देतात आणि पुढचं सगळं रीतसर. पालाशविधी म्हणतात.

"पण हृषीकेशजी, काड्यांचा पुतळा म्हणजे हे नाहीत ना? मी गुरुजींना बोलली, ह्यांना त्याच्या छातीवर ठेवायचं. तुम्ही बनवलेल्यांना. गुरुजी आधी नाराज झाले, प्लास्टिक आहे म्हणून. मग म्हणाले, ठेवा बाई. तर तुम्ही ह्यांना बाहेर काढून आणा."

मग हसल्या. पहिल्यांदाच त्यांचं हसणं ऐकलं. "गुरुजी काय बोलले माहिती आहे? म्हणाले, एकदा विधी झाला की माणूस मेला, मग तो समोर येऊन उभा का राहीना. आला तर मोठ्या भांड्यात तूप भरून त्यात बुडवायचा, बाहेर काढायचा, आणि जातकर्मापासून सगळं परत करायचं. बारसं पण! मी म्हटलं, येऊ द्या ना. तूप मी घरी कढवते."

मी हसलो. फोन ठेवल्यावर खोलीत जाऊन बघितलं. वाफ होती.

९ सप्टेंबर, मंगळवार

सकाळी पाचला ब्लेड घेऊन बसलो. कॅनोपीच्या सांध्यावर टोक टेकवलं. आत वाफ एकदम दाट झाली. चेहरा दिसेना. ब्लेड उचललं, तर हळूहळू निवळली.

दोनदा केलं. दोन्ही वेळा तसंच.

ब्लेड डब्यात ठेवून दिलं.

१० सप्टेंबर, बुधवार

इथे कोणी वाचणार नाही, तर खरं लिहितो. काल मी वाफेला भ्यालो, हे खरं. पण अर्धंच खरं. कॅनोपी फोडली असती तर विमान गेलं असतं. असं विमान माझ्या हातून पुन्हा होणार नाही. हे तर माझ्या हातून झालेलंच नाही! ते ओघळ, तो हिरवा — पुण्यात लोक भिंग घेऊन रांगेत उभे राहतील. मला ते पदक हवंय. पंचेचाळीस वर्षांच्या माणसाला पदक हवंय, काय करणार.

आणि कपाटात दुसरा खोका आहे. त्यात दुसरा वैमानिक आहे.

बाईंना डोळ्यांनी कुठे एवढं दिसतंय?

१४ सप्टेंबर, रविवार

दुसरा झाला. दोन सकाळींत. फोटो १५ ऑगस्टलाच बाईंना परत दिला होता, आणि पुन्हा मागायचा कुठल्या तोंडानं? मोबाइलमध्येही काढून ठेवला नव्हता. मग दाढीचा आरसा टेबलावर ठेवला. गालाखाली सावली कुठे पडते, डोळ्याच्या खोबणीत रंग कसा जातो, एवढंच बघायला. सगळेच बघतात तसं. घाईत हात आपोआप चालला.

आर्या चार्जर शोधत आली. भिंगातून डोकावली आणि खदखदून हसली. "बाबा! हा तर तू आहेस! मिशी बघ ना! तो कपाळावरचा तीळ पण!"

बघितलं. खरंच. सुधाकररावांना मिशी नव्हती.

मिशी खरवडायला गेलो असतो तर चेहऱ्याचा लगदा झाला असता, आणि नवीन करायला तिसरा वैमानिक नाही. हेल्मेट थोडं पुढे रंगवून तीळ झाकला. मिशीवर मास्कचा तुकडा चिकटवला. चालेल. बाईंनी मास्क नको म्हटलं होतं, पण आता काय पाया पडू?

१७ सप्टेंबर, बुधवार

संध्याकाळी बाईंना नेऊन दिला. अंगठीच्या डबीत, कापसावर. त्यांनी डबी उघडून लांब धरली, जवळ धरली.

"मास्क लावला?"

मी म्हटलं, काढताना ओठाजवळ जरा रंग उडाला, म्हणून झाकलं.

"थोडे जाड झाले आहेत," म्हणाल्या. मग डबी मिटून छातीशी धरली. "बावन्न वर्षांनी हाताला लागलेत. जाड तर जाड."

घरी येताना राजेंद्रनगरच्या चौकात स्कूटर थांबवून पाच मिनिटं नुसता उभा राहिलो. मी हलकट आहे. परत जाऊन सांगावं असं वाटलं, गेलो नाही.

२० सप्टेंबर, शनिवार

सविस्तर लिहितो, नाहीतर डोक्यातून जाणार नाही.

सकाळी सातला संजीवच्या गाडीतून निघालो, मागच्या गाडीत त्यांचे चार नातेवाईक. बाईंचा हट्ट, मी पाहिजेच. मानपुरला चहा झाला. बाईंनी घेतला नाही, डबी मांडीवर. खलघाटला नर्मदा भरून वाहत होती, गढूळ. श्रीपादशास्त्री स्वच्छ, चटपटीत माणूस. पळसाच्या देठांचा पुतळा आधीच बांधून ठेवलेला, हात, पाय, डोकं, सगळं. जमिनीवर झोपवलेला. माणूस नाही हे कळत असूनही त्याला ओलांडून जायला पाय धजेना.

संजीव कर्ता. बाई मागे पाटावर. गुरुजींनी डबी मागितली, उघडली आणि विचारलं, "कोणी केला हा?" मी म्हटलं, मी. "मग तुम्हीच ठेवा. ज्यानं घडवला त्यानं ठेवावा. आणि ठेवताना मनात म्हणा, हा तोच आहे."

ठेवला. मनात काही म्हणायचं नाही असं ठरवलं होतं. पण ते म्हणा म्हणाले की मन आपोआप म्हणतं. मी भिंगातून पाहिलेला तो चेहरा डोळ्यांपुढे आला, मिशीवाला, आणि म्हटलं गेलं — हा तोच आहे.

अग्नी दिला. देठ वाळलेले, एकदम पेटले. प्लास्टिक जळल्याचा तो ओळखीचा वास आला, काळा धूर नेमका माझ्या तोंडावर. छातीत भरला. खोकून खोकून डोळ्यांत पाणी. संजीवनं पाण्याची बाटली दिली, पाणी घशाखाली उतरेना. मग अचानक खोकला थांबला. छाती एकदम मोकळी झाली. मोकळी म्हणजे रिकामी.

बाईंनी मंगळसूत्र काढलं. स्वतःच्या हातानं. मला बघवलं नाही.

मग पिंड. कावळे समोरच्या झाडावर भरपूर होते, पण एकही खाली येईना. दहा मिनिटं, वीस मिनिटं. बाई हात जोडून म्हणाल्या, "माझी काळजी करू नका, मला संजीव बघतो." नाही. संजीव म्हणाला, "काका, काकूंना काही कमी पडणार नाही." नाही. कोणी म्हणालं, घराचं म्हणा. कोणी म्हणालं, आईवडिलांचं म्हणा. सगळं म्हणून झालं. ऊन चढलं. पाऊण तास झाला असेल. गुरुजीही घड्याळ बघायला लागले.

मी कंटाळलो होतो. पोटात काही नाही आणि भूकही नाही. संजीवला बाजूला घेऊन हळूच म्हटलं, "अजून किती वेळ? आर्याला साडेपाचला क्लासमधून आणायचंय, निवेदिता आज घरी नाही."

तो म्हणाला, "अरे भिया, आर्याचं टेन्शन तुम्ही घेऊच नका. आमची पलक तिथेच आहे क्लासला, तिच्याबरोबर येईल घरी. आपलीच मुलगी आहे ना. आम्ही बघू तिचं सगळं."

पंखांची फडफड झाली. वळून बघितलं तर कावळा पिंडावर होता. दोन, तीन, चार. भराभर खात होते.

बाई ढसाढसा रडल्या. सगळ्यांनी हात जोडले. गुरुजी म्हणाले, जीव अडकला होता, सुटला.

परत येताना गाडीत कोणी माझ्याशी बोललं नाही. दमले असतील सगळे.

२१ सप्टेंबर, रविवार

सर्वपित्री. पहाटे पाचला उठून आधी विमान बघितलं. वाफ आहे. येते, विरते. म्हणजे ते तिथेच आहेत. काही सुटलं नाही.

दुपारी फोन वाजला. बाई. "हॅलो, हृषीकेशजी?" मी बोलतोय, बोलतोय, त्यांना ऐकूच येईना. रेंजचा घोळ. मग आपणच बोलत राहिल्या, "आवाज नाही येऊन राहिला... असू दे, तुम्ही ऐकत असाल. रात्री झोप लागली. अशी झोप बावन्न वर्षांत नाही. देव तुमचं भलं करो." फोन ठेवला.

असं वाटलं, कोणीतरी थोबाडीत मारली असती तर बरं झालं असतं.

ठरवलं. कॅनोपी फोडायची, सुधाकररावांना बाहेर काढायचं, बाईंच्या पाया पडून सगळं सांगायचं. पुणं गेलं खड्ड्यात. पुढच्या रविवारी.

२२ सप्टेंबर, सोमवार

कंपनीच्या गेटवर चेहरा बघून हजेरी लावायचं मशीन आहे. आज माझा चेहरा घेईना. पुढे झालो, मागे झालो, चष्मा काढला. 'कोणी दिसत नाही, कृपया समोर उभे राहा.' सिक्युरिटीवाला रामभाऊ माझ्याकडे न बघता मागच्याला आत सोडत होता. कँटीनच्या सेन्सरवाल्या नळाखाली हात धरला, पाणी आलं नाही. शेजारच्यानं धरला, आलं. एका दिवसात सगळी मशिनं बिघडतात का?

लाइनवर एक पार्ट ओघळलेला सापडला. ओरडून सांगितलं, हा परत पाठवा. पार्ट पुढे गेला.

संध्याकाळी घरी आलो तर जेवायला तीन पानं मांडली होती. पण निवेदिता माझ्या पानात वाढायला विसरली. आर्यानं विचारलं, "आई, बाबा कधी येणार आहे?"

मी समोरच बसलो होतो. मस्करी वाटली. हसलो.

२३ सप्टेंबर, मंगळवार

दाढी करायला आरशासमोर उभा राहिलो. आरसा पुसायला त्यावर तोंडानं 'हाऽ' केलं. काच कोरडी. पुन्हा केलं, ओठ टेकवून. कोरडी.

शेल्फवर विमान सपाट उभं आहे. कॅनोपीतली वाफ आज एका जागी पुसलेली आहे. आतून, मोहरीच्या दाण्याएवढी. त्यातून ते माझ्याकडे बघताहेत.

श्रीपादशास्त्रींचा नंबर संजीवकडे आहे. भांडं मोठं लागेल. घरात तूप किती आहे, निवेदिताला विचारतोय. तिसऱ्यांदा विचारतोय.